कब कॅडेट १२२ : जुन्या बाग-ट्रॅक्टरच्या घरगुती दुरुस्तीच्या नोंदी

११ जानेवारी

ट्रॅक्टर काल संध्याकाळी घरी आला. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली कब कॅडेट या नावाने बागेच्या कामाचे छोटे ट्रॅक्टर बाजारात आणले. त्यांतले १२२ हे मॉडेल १९६५ ते १९६७ या काळातले असून त्याला कोहलरचे के-३०१ हे एक सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, १२ अश्वशक्तीचे इंजिन आहे. तीन गिअर पुढचे, एक मागचा. इंजिनापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत ताकद पट्ट्याने जात नाही, सरळ शाफ्टने जाते, आणि या शाफ्टवरच क्लच बसवलेला असतो. याच कारणासाठी मी हे यंत्र निवडले, कारण मोठ्या ट्रॅक्टरची रचना लहान आकारात हाताळायला मिळते आणि जवळजवळ प्रत्येक भाग उघडून पुन्हा बसवता येतो.

यंत्र किती वर्षे बंद होते, हे विकणाऱ्यालाही सांगता आले नाही. आज काहीही न उघडता फक्त पाहणी केली. पुढचे एक चाक बसलेले, गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असलेले रबरी बूट फाटलेले, पेट्रोलच्या टाकीत सडक्या राळेचा वास आणि बॅटरीची जागा गंजून पोखरलेली. बॅटरी लावून एकदा फिरवून पाहण्याचा मोह आवरला. बंद पडून राहिलेले इंजिन स्टार्टरने जबरदस्तीने फिरवले, तर अडकलेला एखादा भाग मोडण्याची भीती असते. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवले.

वेळ : दोन तास, त्यांतला एक तास फोटो काढण्यात गेला. हे फोटो पुढे किती उपयोगी पडले, ते योग्य जागी येईलच.

१२ जानेवारी

इंजिन हाताने फिरले, म्हणजे पिस्टन जाम नाही. मात्र प्लग परत लावून फिरवले तरी दाब कुठेच जाणवला नाही. इंजिन पिठाच्या जात्यासारखे एकाच लयीत फिरत राहिले. इतका दाब पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यामुळे जात नाही. एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकला असावा, असा अंदाज बांधला.

वरचे पत्र्याचे आवरण काढताना चार स्क्रूंपैकी एक तुटला. आत उंदरांनी घर केले होते. सिलिंडरच्या पाख्यांमध्ये गवत, कापूस आणि लेंड्या इतक्या ठासून भरल्या होत्या, की हवा जाण्याला वाटच उरली नव्हती. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा या पाख्यांतून वाहते तेवढीच काय ती थंडाई. जुना बाग-ट्रॅक्टर ‘चालू’ स्थितीत जरी मिळाला, तरी हे आवरण एकदा उघडल्याशिवाय तो कामाला लावू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. साफसफाई करताना तोंडाला फडके बांधावे आणि उंदरांची घाण कोरडी झाडण्याऐवजी जंतुनाशकाने भिजवून पुसून काढावी.

इंजिनातले तेल काढले, तर आधी अर्धा पेला पाणी आले आणि मग काळे तेल.

१८ जानेवारी

हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उघडले. सगळ्या बोल्टांवर दोन दिवस आधीच गंज सोडवणारे तेल टाकून ठेवले होते. शेवटून दुसरा बोल्ट थोडा फिरला आणि मग पाना एकदम मऊ फिरू लागला. हा मऊपणा ज्याने अनुभवला आहे त्याला पुढचे सांगण्याची गरज नाही. बोल्ट ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या खाली तुटला.

चूक माझीच होती. बोल्ट अडला तेव्हा त्याला पुढे-मागे थोडे थोडे हलवायला हवे होते, किंवा ब्लॉकचा तेवढा भाग तापवायला हवा होता. मी मात्र लांब दांड्याचा पाना लावून एकाच दिशेने जोर दिला, आणि बाकीचे बोल्ट सुटले म्हणून हाही सुटेल असे गृहीत धरले.

हेडखाली अपेक्षेप्रमाणेच एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारा, उघडा अडकलेला दिसला. या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे हेड म्हणजे केवळ पाखे असलेले एक झाकण असते. दांडीवर गंज आणि काजळी यांचा थर जमला होता.

१९ आणि २५ जानेवारी

दोन दिवस एका तुटक्या बोल्टावर गेले. पहिल्या दिवशी हातातल्या ड्रिलने मधोमध भोक पाडण्याचा प्रयत्न केला. पंच मारून खूण केली होती, तरी तुटलेला पृष्ठभाग तिरका असल्याने ड्रिल घसरले आणि भोक एका बाजूला गेले. मग त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घातला. तोही मोडला असता तर ब्लॉक बाहेरच्या कारखान्यात न्यावा लागला असता, कारण एक्स्ट्रॅक्टरचे पोलाद साध्या ड्रिलने कापले जात नाही. तो वाकू लागताच थांबलो, हीच त्या दिवसाची कमाई.

दुसऱ्या दिवशी एका जाड लोखंडी पट्टीत हेडच्या बोल्टांच्या अंतरावर दोन भोके पाडली, एका भोकातून शेजारच्या चांगल्या बोल्टाने पट्टी ब्लॉकवर आवळली आणि दुसऱ्या भोकाचा उपयोग ड्रिलला सरळ धरणाऱ्या मार्गदर्शकासारखा केला. तुटका भाग पूर्ण कापून काढला, त्यात जुन्या आट्यांचा काही भागही गेला, म्हणून मोठ्या आकाराचे आटे पाडून तारेची गुंडाळी असलेला थ्रेड इन्सर्ट बसवला. तो आजतागायत टिकला आहे. ही पट्टी बनवायला चाळीस मिनिटे लागली. ती पहिल्याच दिवशी बनवली असती तर एक अख्खा दिवस वाचला असता.

१ फेब्रुवारी

व्हॉल्व्हच्या दांडीवर तेल सोडत, लाकडी ठोकळ्याने वरून हलकेच ठोकत आणि खालून स्प्रिंगला आधार देत दोन तासांत व्हॉल्व्ह मोकळा केला. त्या क्षणी तो बाहेर काढून, साफ करून, बैठकीवर घासून मगच परत बसवायला हवा होता. मी फक्त वर-खाली नीट चालतो एवढे पाहिले आणि समाधान मानले. या आळसाची किंमत एक हेड गॅस्केट.

सिलिंडरचा बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांना मोजला. मूळ माप ३.३७५ इंच, म्हणजे सुमारे ८५.७ मिलिमीटर. सर्वाधिक झीज वरच्या टोकाला ०.०४ मिलिमीटर निघाली. भिंतीवर उभे ओरखडे नव्हते. म्हणजे बोअर वाढवण्याची गरज नाही, ही त्या दिवसाची चांगली बातमी. हे माप मी वहीत लिहून ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी विसरलो.

नवे गॅस्केट घालून हेड बसवले. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, ३४ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळले.

२ फेब्रुवारी

प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून इंजिन फिरवले. आकडा ४५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). तेल सोडून पुन्हा मोजले, तर जेमतेम ५०. मोटारसायकलच्या सवयीने पाहिले तर हा आकडा मेलेल्या इंजिनाचा आहे, म्हणून रिंगा गेल्या असा निष्कर्ष काढून लगेच रिंगांचा संच मागवला. या सगळ्या प्रकल्पात सुट्या भागांवर जो खर्च झाला, त्याचा जवळजवळ सातवा हिस्सा या संचावर गेला. संच अजूनही फडताळात, वेष्टनातच आहे.

काय चुकले ते पुढच्या शनिवारी कळले. के-मालिकेच्या या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर आपोआप दाब कमी करणारी एक छोटी यंत्रणा असते. इंजिन सावकाश फिरत असताना वजनांना जोडलेली एक जीभ पुढे येते आणि दाबाच्या फेरीत एग्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, जेणेकरून मोठा पिस्टन दाबाविरुद्ध सहज फिरावा. इंजिनाने मिनिटाला साधारण ६५० फेऱ्या ओलांडल्या की वजने बाहेर फेकली जातात आणि जीभ मागे सरकते. स्टार्टर इंजिनाला तेवढ्या वेगाने फिरवत नाही. म्हणजेच स्टार्टरवर घेतलेले कॉम्प्रेशनचे माप निरोगी इंजिनातही कमीच येणार. गेजने मला खोटे सांगितले नव्हते. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. आणि बोअरचे माप वहीत लिहिलेले असताना मी गेजवर विश्वास ठेवला, हे जास्त लाजिरवाणे.

८ फेब्रुवारी

अशा इंजिनाची खरी परीक्षा हवा सोडूनच होते. एका जुन्या प्लगचे चिनीमातीचे पोट फोडून काढले, त्याच्या लोखंडी कवचात हवेच्या नळीचे टोक ब्रेझिंग करून बसवले आणि पिस्टन दाबाच्या फेरीच्या अगदी वरच्या टोकाला आणून कॉम्प्रेसरची हवा सोडली. सुरुवातीला ६० पीएसआय ठेवली होती. पिस्टन एका अंशाने जरी टोकापासून हलला तरी हवा त्याला खाली ढकलते, आणि तसेच झाले : क्रँकवर लावलेला पाना माझ्या हातातून सुटून फरशीवर आदळला. कोणाला लागले नाही. त्यानंतर दाब ३० पीएसआयवर आणला आणि पाना हाताने न धरता लाकडी ओंडक्याला टेकवून ठेवला.

मग नुसते ऐकायचे. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, फुसफुस आली असती तर रिंगा दोषी, कार्बोरेटरमधून आली असती तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली असती तर एग्झॉस्ट. ब्रीदर जवळपास शांत होता. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट फुसफुस होती. रिंगा ठणठणीत, एक फेब्रुवारीला न घासलेला व्हॉल्व्हच गळत होता.

१५ फेब्रुवारी

हेड पुन्हा उघडले, दुसरे गॅस्केट वाया. व्हॉल्व्ह काढून दांडी साफ केली, बैठकीवर ग्राइंडिंग पेस्ट लावून रबरी चोखणीच्या काठीने घासला. पहिल्यांदा जाड, मग बारीक पेस्ट. बैठकीवर सलग राखाडी कडे दिसेपर्यंत सुमारे अर्धा तास लागला. पेस्टचा कण आत राहिला तर तो सिलिंडर खातो, म्हणून रॉकेलने दोनदा धुतले.

घासल्यावर व्हॉल्व्ह थोडा खाली बसतो आणि टॅपेटची (कॅमशाफ्टवर चढून व्हॉल्व्हला वर ढकलणाऱ्या तुकड्याची) फट कमी होते, त्यामुळे ती पुन्हा लावणे आले. के-३०१ मध्ये टॅपेटला फिरवण्याचे स्क्रू असतात, ही मोठी सोय. थंड इंजिनावर इनटेकची फट ०.२० ते ०.२५ मिलिमीटर आणि एग्झॉस्टची ०.४३ ते ०.५१ मिलिमीटर हवी. पिस्टन दाबाच्या फेरीत वर चालला आहे आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद दिसत आहेत, एवढे पाहून मी फटी लावल्या. या वाक्यात एक चूक दडलेली आहे. मला ती कळायला तीन आठवडे लागले.

१६ फेब्रुवारी

स्टार्टर-जनरेटर. या ट्रॅक्टरवर सुरू करणारी मोटर आणि बॅटरी चार्ज करणारा जनरेटर ही एकच वस्तू असून ती पट्ट्याने इंजिनाला जोडलेली असते : आधी ती इंजिनाला फिरवते, मग इंजिन तिला. उघडल्यावर ब्रश निम्म्याहून जास्त झिजलेले आणि कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा पडलेला निघाला. कम्युटेटर बारीक काचपेपरने घासला. एमरी पेपर येथे वापरू नये, कारण त्याचे कण वीजवाहक असून ते पट्ट्यांच्या मधल्या खाचांत अडकून शॉर्ट करतात. खाचांतला अभ्रक तांब्याच्या पातळीच्या खाली राहील इतपत तुटक्या हॅक्सॉच्या पात्याने कोरून काढला. नवे ब्रश, दोन्ही बेअरिंगे नवी. काम सोपे, वेळ चार तास.

२२ फेब्रुवारी ते २ मार्च

हा सगळ्यात वाईट काळ. बटण दाबले की पट्टा ताणला जाई, इंजिन अर्धी फेरी घेई आणि दाबापाशी येऊन थांबे. दोनदा तर उलटा झटका मारून मागे फिरले.

स्टार्टर नुकताच उघडलेला असल्याने संशय त्याच्यावरच गेला. तो पुन्हा काढला, पुन्हा लावला. पट्टा ताणला, जास्त ताणला तर नव्या बेअरिंगांचे नुकसान, म्हणून परत सैल केला. बॅटरी कमजोर असेल म्हणून नवी, मोठी बॅटरी आणली. खर्चाच्या यादीतला तो सगळ्यात मोठा एकटा आकडा. इंजिन आता जास्त जोराने थांबू लागले. शेवटी निदान एक उपयोगी काम केले : बटण दाबलेले असताना प्रत्येक वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजला. जमिनीच्या वायरीत १.४ व्होल्ट हरवत होते. चेसिसवरचा रंग आणि गंज खरवडून जोड पक्का केल्यावर हा आकडा ०.२ वर आला. तरीही इंजिन थांबतच होते. दोष खरा होता, पण तो मुख्य दोष नव्हता, आणि अशा वेळी माणूस उगाच आशेवर राहतो.

८ मार्च

उत्तर आधीच माझ्या वहीत होते. जी जीभ दाब कमी करते, ती काम करत असती तर इंजिन दाबापाशी अडलेच नसते. मग ती काम का करत नाही, असा प्रश्न लिहून काढल्यावर टॅपेटचे झाकण उघडले. फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण बरोबर खुणेवर आणून, म्हणजे पिस्टन दाबाच्या फेरीच्या अगदी वरच्या टोकाला आणून एग्झॉस्टची फट मोजली, तर फीलर गेजची सगळ्यात जाड पट्टी घालूनही ती भरेना.

झाले होते असे. पंधरा फेब्रुवारीला मी पिस्टन वर ‘चालला असताना’ फट लावली, आणि नेमक्या त्याच वेळी टॅपेट त्या जिभेवर चढलेला होता. उचललेल्या टॅपेटवर मी फट मोजून बसवली, त्यामुळे जीभ व्हॉल्व्हपर्यंत पोहोचेनाशी झाली, दाब सुटेनासा झाला आणि टॅपेट खाली उतरल्यावर खरी फट कित्येक पट वाढली. म्हणजे पहिल्यांदा ही जीभ काम करत असताना मी तिला रिंगांचा दोष समजलो आणि दुसऱ्यांदा ती मीच बंद पाडून स्टार्टरला दोष दिला.

‘टी’ खुणेवर एग्झॉस्टची फट ०.४५ मिलिमीटर लावली. बटण दाबताच इंजिन अडखळल्याशिवाय फिरले. दुरुस्तीला पंचवीस मिनिटे, शोधाला तीन आठवडे. जुनी बॅटरीही पुरली असती.

९ मार्च

इग्निशन. पॉइंटवर, म्हणजे उघडताच प्लगला ठिणगी देणाऱ्या संपर्कांवर, गंजाचा पातळ थर होता. ते बदलले आणि फट ०.५ मिलिमीटर लावली. या इंजिनात पॉइंट ब्लॉकच्या बाजूला, लहान झाकणाखाली असतात; फ्लायव्हील काढावे लागत नाही. मग टायमिंग : पॉइंटच्या वायरीला १२ व्होल्टचा दिवा जोडून इंजिन हाताने हळू फिरवले आणि वरच्या टोकाच्या २० अंश आधी असलेल्या ‘एस’ खुणेवर पॉइंट उघडतील अशी फट किंचित सरकवली. प्लगची फट ०.९ मिलिमीटर.

पॉइंटबरोबर कंडेन्सरही नवा लावला. तो पहिल्या तासातच गेला आणि इंजिन गरम झाल्यावर मिसिंग करू लागले. जुना परत लावला, तो अजून चालू आहे. चालणारा जुना भाग नवा आला म्हणून फेकू नये, डबीत ठेवावा.

पेट्रोलची टाकी व्हिनेगर आणि साखळीचा तुकडा घालून दोन दिवस अधूनमधून हलवली होती. गंज छान निघाला. मग पाण्याने धुऊन रात्रभर वाळत ठेवली आणि सकाळी आतून पुन्हा नारिंगी! उघड्या लोखंडाला ओलावा लागला की काही तासांत नवा गंज चढतो. दुसऱ्या वेळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारले, लगेच गरम हवेने वाळवले आणि पेट्रोलमध्ये थोडे तेल मिसळून आत फिरवले. रबरी नळी नवी घातली, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुने रबर फुगवते आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात.

कार्बोरेटरचा मुख्य नीडल आधीच्या कोणीतरी पूर्ण आवळून बैठकीत दाबला होता, त्याच्या टोकाला खाच पडली होती. असा नीडल कितीही फिरवला तरी मिश्रण स्थिर होत नाही. नवा घातला, बोटांच्या जोरापुरताच बंद केला आणि दोन फेऱ्या उघडला. दुपारी पावणेचार वाजता इंजिन चौथ्या प्रयत्नात सुरू झाले. दहा सेकंद पांढरा धूर, मग स्वच्छ. टॅपेटचा आवाज नाही.

१५ आणि १६ मार्च

क्लच. दाबला तरी गिअर खरखरत पडत होता. शाफ्ट बाहेर काढायला त्याच्या मागच्या टोकाची पिन ठोकून काढावी लागते, आणि ती गंजून भोकाशी एकजीव झाली होती. एक पंच वाकला. शेवटी जोडाचा भाग तापवला, थंड होताना तेल सोडले आणि योग्य मापाच्या पंचाने एकाच ठाम फटक्यात पिन हलली. लहान मापाचा पंच पिनच्या पोटात शिरून तिला आतून फुलवतो आणि ती आणखी घट्ट बसते, हे येथे शिकलो.

थ्रस्ट बेअरिंग वाळूने भरल्यासारखे वाजत होते. क्लच ज्या पिनांवर सरकतो त्यांना खोल खाचा पडल्या होत्या, त्यामुळे प्लेट खाचेत अडकून सुटत नव्हती. पिना, बेअरिंग आणि प्लेट नवी. शाफ्टवरची स्प्रिंग मोठ्या ताणाची असते. ती दाबून धरल्याशिवाय पिन काढली तर सगळे भाग अंगावर येतात. मी लांब आट्यांचे दोन बोल्ट आणि दोन पट्ट्या यांचा दाबक बनवला. भागांचा क्रम मात्र पूर्ण विसरलो होतो. पहिल्या दिवसाच्या फोटोंमुळे एक वायसर उलटा बसण्यापासून वाचला.

२२ मार्च

मागच्या गिअरबॉक्सचे तेल दुधाळ निघाले, म्हणजे आत पाणी. वाट शोधावी लागली नाही : गिअर-दांड्याचे फाटलेले बूट. कंपनीने यासाठी ठरवलेले हाय-ट्रान तेल थोडे पाणी सामावून घेते आणि त्यामुळेच असे पांढुरके दिसते. पूर्ण काढून, मागची पत्र्याची तबकडी उघडून तळाचा गाळ पुसला. नवे तेल भरले. तबकडीचे गॅस्केट कागद कापून घरीच बनवले.

याच दिवशी स्टिअरिंग बॉक्स सैल होता तो कसला आणि ग्रीस भरले. सांगण्यासारखे काही नाही.

२९ मार्च

भाराखाली चालवले. दोन अडचणी आल्या. चढावर इंजिनाचा वेग पडत होता आणि वेग आपोआप राखणारा गव्हर्नर उशिरा थ्रॉटल उघडत होता. आधीच्या मालकाने गव्हर्नरचा हात शाफ्टवर चुकीच्या कोनात आवळला होता. नट सैल केला, हात कार्बोरेटरपासून दूर ओढून धरला, शाफ्टचे टोक पकडीने घड्याळाच्या उलट दिशेने थांबेपर्यंत फिरवले आणि तसेच धरून नट आवळला. मग कमाल वेग टॅकोमीटरने तपासून मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आत ठेवला. टॅकोमीटर नसताना कानाच्या अंदाजाने हा वेग लावू नये. वेग जास्त झाला आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटला, की तो ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर येतो.

दुसरी अडचण : बॅटरी चार्ज होत नव्हती. चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर बदलण्याच्या बेतात होतो, तेव्हा आठवले की स्टार्टर-जनरेटर उघडून बसवल्यावर तो पोलराइज करायचा, म्हणजे त्यातले चुंबकत्व योग्य दिशेला लावायचे, राहिले होते. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांना वायर क्षणभर टेकवली, बारीक ठिणगी उडाली, बस. इंजिन सुरू केल्यावर ॲमीटरचा काटा चार्जकडे गेला. ही रीत या प्रकारच्या फील्ड-जोडणीसाठीच आहे. वेगळ्या जोडणीच्या जनरेटरवर हीच युक्ती केली तर रेग्युलेटर जळू शकतो.

१२ एप्रिल

आतापर्यंत अकरा तास चालला. पहिल्या पाच तासांनंतर इंजिनाचे तेल बदलले. त्यात चकाकणारी धूळ दिसली, पण बोटांना खरखरीत लागणारे काही नव्हते. यापुढे दर पंचवीस तासांनी सुमारे १.९ लिटर एसएई ३० तेल, आणि वर्षातून एकदा वरचे आवरण काढून पाख्यांची सफाई. आवरणाच्या फटीला बारीक जाळी लावण्याचा विचार होता, पण ती हवेची वाट अडवेल म्हणून सोडून दिला. त्याऐवजी बंद ठेवताना आवरणावर गोणपाट टाकतो आणि सुरू करण्यापूर्वी ते काढायची आठवण म्हणून किल्ली त्याच गोणपाटाला बांधून ठेवतो.

कामाचे एकूण तास ७४. त्यांतले तुटक्या बोल्टाचे ११ आणि टॅपेटच्या चुकीचे १९ वजा केले तर उरतात ४४. सुट्या भागांच्या खर्चात न वापरलेल्या रिंगा, एक जादा हेड गॅस्केट आणि गरज नसलेली बॅटरी मिळून जवळजवळ एक तृतीयांश रक्कम आहे.

मागच्या तबकडीचे घरी कापलेले गॅस्केट अजून पाझरते, रात्रीत दोन-तीन थेंब. पुढच्या शनिवारी तेल एका स्वच्छ बादलीत काढून नवे गॅस्केट घालायचे आहे, आणि या वेळी तबकडी सपाट आहे की वाकलेली, हे काचेवर ठेवून आधी पाहायचे आहे.